विझर्ड्री ८: मालिकेच्या अखेरच्या भागाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

विझर्ड्री या कॉम्प्युटर खेळांच्या मालिकेचा आठवा आणि शेवटचा भाग नोव्हेंबर २००१ मध्ये बाजारात आला. हा खेळ आज पहिल्यांदा हाती घेणारे साधारण जे प्रश्न विचारतात, त्यांची उत्तरं इथे दिली आहेत. कथेतली मोठी रहस्यं फोडलेली नाहीत, त्यामुळे खेळ सुरू करण्याआधी हे वाचलं तरी चालेल.

विझर्ड्री म्हणजे नेमकं काय? मी हे नाव पहिल्यांदाच ऐकतोय.

अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात शिकणाऱ्या अँड्र्यू ग्रीनबर्ग आणि रॉबर्ट वुडहेड या दोघांनी ॲपल टू कॉम्प्युटरसाठी एक खेळ लिहिला. तो १९८१ साली प्रसिद्ध झाला. सहा जणांची टोळी तयार करायची, तिला घेऊन भुयारात उतरायचं, राक्षसांशी पाळीपाळीने लढायचं आणि जिवंत वर यायचं, असा तो खेळ होता. पडद्यावर रेघांनी काढलेल्या भिंती आणि एका चौकोनात राक्षसाचं चित्र, बाकी सगळं खेळणाऱ्याच्या डोक्यात. वाट चुकू नये म्हणून लोक चौकटीच्या कागदावर स्वतःच्या हाताने नकाशे काढायचे.

न्यूयॉर्क राज्यातल्या ऑग्डेन्सबर्ग या लहानशा गावातली सर-टेक ही कंपनी या खेळाची प्रकाशक. पुढे या खेळाने जपानमध्ये खोलवर मूळ धरलं. ड्रॅगन क्वेस्टसारख्या जपानी मालिकांवर विझर्ड्रीचा थेट प्रभाव आहे. आज रोल-प्लेइंग गेममध्ये पार्टी (म्हणजे आपली टोळी), क्लास (पात्राचा पेशा), लेव्हल (पात्राच्या प्रगतीची पायरी), पाळीपाळीची लढाई या गोष्टी आपण गृहीत धरतो. त्यातल्या कितीतरी गोष्टी घरोघरच्या कॉम्प्युटरवर रुजवण्यात या मालिकेचा मोठा वाटा आहे.

आठवा भाग शेवटचा कसा? दुकानात तर विझर्ड्री नावाचे नवे खेळ दिसतात.

मूळ क्रमांकित मालिका आठव्या भागावर थांबली. नाव मात्र जिवंत राहिलं, विशेषतः जपानमध्ये. तिथे गेम बॉयपासून प्लेस्टेशनपर्यंत अनेक उपमालिका निघाल्या, आणि २०२४ मध्ये मोबाईलसाठी विझर्ड्री व्हेरियंट्स डाफ्ने आला. हे सगळे खेळ बहुतांशी पहिल्या पाच भागांच्या भुयारी परंपरेतले आहेत. सहाव्या भागात सुरू झालेली कथा पुढे नेणारा नववा भाग आलाच नाही. ती कथा आठव्यातच पूर्ण होते, त्यामुळे काही अर्धवट राहिलं असं वाटत नाही.

सहावा आणि सातवा भाग खेळलेला नाही. थेट आठव्यापासून सुरुवात केली तर चालेल?

चालेल, आणि बहुतेकांनी तसंच करावं असं माझं मत आहे.

सहावा भाग १९९० चा, सातवा १९९२ चा. दोन्हींची रचना डी. डब्ल्यू. ब्रॅडली यांची. सातवा भाग प्रचंड मोठा आहे, पण त्याची नियंत्रणं आणि पडदा आजच्या खेळणाऱ्याचा कस पाहतात. आठवा भाग नव्या माणसाला समजून घेतो. कोण कोणाचा शत्रू आहे आणि कोणती वस्तू का महत्त्वाची आहे, हे लोकांशी बोलता बोलता हळूहळू उलगडतं.

मागची गोष्ट थोडक्यात अशी. कॉस्मिक फोर्ज नावाची एक लेखणी आहे, तिने जे लिहाल ते खरं होतं. विश्वाचे रखवालदार असलेल्या कॉस्मिक लॉर्ड्सकडून ती चोरीला गेली. सहाव्या भागात तुमची पार्टी तिच्या मागावर एका पडक्या किल्ल्यात शिरते. सातव्या भागात पार्टी गार्डिया नावाच्या ग्रहावर पोचते. तिथे ॲस्ट्रल डॉमिने ही जीवनाचं रहस्य दडवलेली वस्तू लपवलेली असते आणि ती मिळवायला काळ्या चिलखतातला डार्क सॅव्हंट आलेला असतो. एवढं माहीत असलं की आठव्या भागात शिरायला पुरेसं आहे.

सातवा भाग पूर्ण केलेला असेल आणि त्याची सेव्ह फाइल जपून ठेवली असेल, तर तीच पार्टी आठव्यात आणता येते. सहाव्यातून सातव्यात आणि सातव्यातून आठव्यात अशी एकच टोळी घेऊन अकरा वर्षांत निघालेले तीन खेळ पार करता येतात. सातव्याचा शेवट कोणाच्या बाजूने केला त्यानुसार आठव्याची सुरुवात कुठून होते तेही बदलतं. मात्र जुनी सगळी ताकद आणि सामान पुढे येत नाही.

मग आठव्या भागात काय घडतं?

तुमचं यान डॉमिनस या ग्रहावर कोसळतं. समुद्राकाठी एक मठ आहे, त्याच्या तळाशी तुम्ही शुद्धीवर येता. डार्क सॅव्हंटही याच ग्रहावर आहे. अर्निका या शहरात त्याचा मनोरा उभा आहे आणि त्या मनोऱ्यातला बॉम्ब अख्ख्या ग्रहाचा नाश करू शकतो. तीन पवित्र वस्तू आहेत: ॲस्ट्रल डॉमिने, डेस्टिने डॉमिनस आणि केऑस मोलिरी. एकीत जीवनाचं रहस्य, दुसरीत ज्ञानाचं, तिसरीत बदलाचं. या तिन्ही घेऊन जो ॲसेन्शन पीक या शिखरावर पोचेल, त्याला कॉस्मिक लॉर्ड होण्याची वाट खुली होते.

कथा सांगायला ही एवढीच. पण या वस्तू कोणाच्या ताब्यात आहेत, त्या मिळवायला कोणाशी सलगी करावी लागते आणि कोणाला दुखवावं लागतं, यात खेळाचा जीव आहे.

सातव्यानंतर आठवा यायला नऊ वर्षं का लागली?

या प्रश्नाचं उत्तर नीट द्यायला हवं, कारण ते कळलं की खेळाकडे बघण्याची नजर बदलते.

१९९२ ते २००१ या काळात कॉम्प्युटर खेळांचं जग उलटंपालटं झालं. त्रिमिती ग्राफिक्स आले. डायब्लोने माऊसच्या वेगवान टिचक्यांची लढाई लोकप्रिय केली, बाल्डर्स गेटने वरून दिसणारी पार्टी आणली, आणि एव्हरक्वेस्टने हजारो लोकांना एकाच वेळी इंटरनेटवर खेळायला लावलं. खेळ बनवण्याचा खर्च वाढत गेला. ब्रॅडली यांनी सातव्यानंतर सर-टेक सोडलं होतं. १९९८ मध्ये सर-टेकचा अमेरिकेतला कारभार बंद झाला. कॅनडातल्या ओटावाजवळची शाखा तेवढी उरली आणि आठवा भाग तिथेच घडला.

त्या लहान गटाने पाळीपाळीची लढाई सोडली नाही, सहा जणांची स्वतः घडवलेली पार्टी सोडली नाही, आणि डोळ्यांसमोरून दिसणारं जगही सोडलं नाही. बाजार नेमका उलट्या दिशेने चालला होता. लिंडा करी आणि ब्रेंडा ब्रेथवेट या दोघींचा या खेळाच्या घडणीत मोठा वाटा आहे. ब्रेथवेट, म्हणजे आजच्या ब्रेंडा रोमेरो, १९८१ मध्ये शाळकरी वयात सर-टेकमध्ये कामाला लागल्या. अडलेल्या खेळाडूंना फोनवरून मदत करणं हे तेव्हा त्यांचं काम होतं. मालिकेच्या पहिल्या वर्षी फोन उचलणारी मुलगी वीस वर्षांनी तिच्या अखेरच्या भागाची रचना करते, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. विझर्ड्रीचा खेळणारा कुठे अडतो, कुठे चिडतो आणि कशाने सुखावतो, हे त्यांनी वर्षानुवर्षं कानांनी ऐकलं होतं.

खेळ तयार झाल्यावर अमेरिकेत तो इलेक्ट्रॉनिक्स बुटीक या एकाच दुकान-साखळीतून विकला गेला. त्यामुळे तो सगळीकडे पोचलाच नाही. २००३ मध्ये कॅनडातलं सर-टेकही बंद झालं.

लढाई कशी असते? जुनाट वाटेल का?

लढाई सुरू झाली की वेळ थांबतो. सहाही जणांना हुकूम द्यायचे, मग फेरी सुरू करायची. हवं तर वेळ न थांबणारी पद्धतही निवडता येते, पण पाळीचीच ठेवा. खेळाची घडी त्याच पद्धतीसाठी बसवलेली आहे.

महत्त्वाची गोष्ट म्हणजे जागा. शत्रू खऱ्याखुऱ्या त्रिमिती जगात चालतात, तुमच्याभोवती फिरतात, मागून येतात. पार्टीची मांडणी समोर, मागे, डावीकडे, उजवीकडे आणि मध्ये अशी ठरवता येते. तलवारीचा पल्ला किती, भाल्याचा किती, धनुष्याचा किती, यावरून कोण कुठे उभा राहील हे ठरतं. समोर योद्धा आणि मागे जादूगार एवढ्याने भागत नाही. मोकळ्या मैदानात चारही बाजूंनी वेढा पडला की सगळ्यात नाजूक माणूस शत्रूच्या तोंडाशी येतो. म्हणून लढाई सुरू होताच भिंत शोधा. कोपऱ्यात पाठ लावून उभी राहिलेली पार्टी तिच्यापेक्षा दुप्पट ताकदीच्या शत्रूला पुरून उरते. हे एकदा अंगवळणी पडलं की खेळातली अर्धी अडचण संपते.

पार्टीत कोणाकोणाला घ्यावं?

अकरा वंश आणि पंधरा क्लास आहेत, त्यामुळे हा पडदा पहिल्यांदा उघडल्यावर माणूस गांगरतो. घाई करू नका. या खेळात एक संध्याकाळ पार्टी बनवण्यातच जाते आणि ती वाया जात नाही.

पहिल्यांदा खेळणाऱ्याला माझा सल्ला असा: एक फायटर (योद्धा), एक व्हॅल्किरी (भालाधारी वीरांगना), एक रोग (चोर) किंवा मंक (लढवय्या साधू), एक बार्ड (वाद्य वाजवणारा), एक प्रीस्ट (पुजारी) आणि एक मेज (जादूगार) किंवा अल्केमिस्ट (रसायनं जाणणारा).

फायटर सुरुवातीपासून भक्कम असतो. व्हॅल्किरी भाला उत्तम चालवते, भाल्याचा पल्ला लांब असल्याने ती बाजूला उभी राहूनही वार करते, आणि मरणाच्या दारातून परत येण्याचा खास गुण तिच्याकडे आहे. रोग मागून वार करतो आणि कुलपं उघडतो. बार्डला बरेच जण कमी लेखतात, पण सुरुवातीच्या टप्प्यात तो एकटा पार्टी वाचवतो. त्याच्या पहिल्या वाद्याने शत्रूंचा घोळका झोपी जातो, आणि त्यासाठी जादूचे गुण लागत नाहीत, फक्त दम लागतो. झोपलेल्या शत्रूवर वार नेमका बसतो.

प्रीस्ट जखमा भरतो. अल्केमिस्ट औषधं एकमेकांत मिसळून जास्त किमतीची औषधं बनवतो, ती विकून सुरुवातीला चांगला पैसा मिळतो. शिवाय तोंड बंद करणाऱ्या जादूने तो अडत नाही.

बिशपचा मोह सगळ्यांना होतो, कारण चारही जादूग्रंथ त्याला खुले आहेत. पण एकाच माणसाला सगळं शिकायचं असल्याने तो फार सावकाश वाढतो. पार्टीत एक बिशप चालेल, मात्र त्याच्या जोडीला दुसरा जादू करणारा हवाच. गॅजेटीअर हा आठव्या भागात नव्याने आलेला क्लास. तो भंगारातल्या वस्तू जोडून यंत्रं बनवतो आणि त्याची ओम्निगन लेव्हलसोबत सुधारत जाते. तो फळाला यायला वेळ लागतो, पण दुसऱ्यांदा खेळताना जरूर घ्या.

वंशांमध्ये फेअरी जपून निवडा. तिला जड सामान पेलत नाही आणि पुष्कळ चिलखतं अंगाला बसत नाहीत. जादूगार म्हणून मात्र ती झकास. मूक हा उंच, केसाळ, अभ्यासू वंशही निवडता येतो.

आणि एक गोष्ट आवर्जून करा: प्रत्येकाचा स्वभाव आणि आवाज मन लावून निवडा. तुमची माणसं रस्त्यात बोलतात, कुरकुरतात, एखादं दृश्य पाहून थबकतात, कोणी पडलं की हळहळतात. आकड्यांची बेरीज न वाटता ती टोळी ओळखीची वाटायला लागते, त्याचं श्रेय या आवाजांना जातं.

जादूगार अजिबात न घेता खेळता येईल?

येईल, पण पहिल्या खेपेला नको.

गुण कुठे टाकावेत?

प्रत्येक पात्राचे सात मूळ गुण असतात: ताकद, बुद्धी, श्रद्धा, जीवनशक्ती, हातचलाखी, वेग आणि इंद्रियं. कोणताही गुण १०० वर नेला की त्याच्याशी जोडलेलं एक खास कौशल्य उघडतं. ताकदीला पॉवर स्ट्राइक, बुद्धीला पॉवर कास्ट, जीवनशक्तीला आयर्न स्किन, वेगाला स्नेक स्पीड, इंद्रियांना ईगल आय. म्हणून सातही गुणांत थोडंथोडं शिंपडत बसू नका. प्रत्येकासाठी दोन गुण ठरवा आणि ते आधी शंभरावर न्या. जादूगारासाठी पॉवर कास्ट सगळ्यात मोलाचं, कारण त्यामुळे शत्रूची प्रतिकारशक्ती भेदता येते. आणि वेग कोणालाच वाया जात नाही.

कौशल्यं वापराने वाढतात. जी आपोआप वाढतात त्यांच्यावर गुण खर्चू नका, जी वापरायला कमी मिळतात त्यांना द्या. जादूचंही तसंच आहे. सहा तत्त्वं आहेत: अग्नी, जल, वायू, पृथ्वी, मन आणि दैवी. ज्या तत्त्वाची जादू कराल ते वाढतं. फक्त आगीचे गोळे फेकत राहिलात तर पुढे इतर तत्त्वांतले मोठे मंत्र हाताला येत नाहीत.

मंत्र किती जोराने फेकायचा हे १ ते ७ अशा पायऱ्यांत ठरवता येतं आणि धोका रंगाने दाखवला जातो. हिरवा निर्धास्त. लाल रंगात फेकलेला मंत्र फसू शकतो किंवा तुमच्यावरच उलटू शकतो.

मठातून बाहेर पडलो, आणि अर्निकाच्या रस्त्यावर पार्टी पुन्हा पुन्हा मरते. माझं काय चुकतंय?

बहुधा घाई होते आहे. या खेळातून सगळ्यात जास्त लोक याच रस्त्यावर बाहेर पडले असतील, म्हणून जरा विस्ताराने सांगतो.

या खेळात शत्रूंची ताकद काही मर्यादेत तुमच्या लेव्हलप्रमाणे बदलते, पण प्रत्येक प्रदेशाची एक खालची पातळी असते. मठातले खेकडे आणि वटवाघळं मारून बाहेर पडलात की रस्त्यावर एकदम दरोडेखोरांच्या टोळ्या समोर येतात, आणि मागचे शत्रू अजून मागे असतातच. एका लढाईचा आवाज होत असताना दुसरी टोळी येऊन मिळते.

पहिली गोष्ट, मठ पुरता पिंजून काढा. वरचे मजले, खालचे मजले, बंद पेट्या, सगळं. समुद्राकाठचा ग्रेगॉर नावाचा मोठा खेकडा पहिल्याच भेटीत मारायची गरज नाही, थोडे बळकट होऊन परत या. चौथ्या-पाचव्या लेव्हलच्या आसपास मठ सोडा.

दुसरी गोष्ट, रस्त्याच्या मधोमध चालू नका. कडेच्या डोंगराला धरून जा आणि प्रत्येक वळणावर थांबून पुढे बघा. शत्रू आधीपासून नजरेला पडतात. ते तुमच्याकडे पाठ करून चालले असतील तर जाऊ द्या. प्रत्येक लढाई लढलीच पाहिजे असं नाही, आणि पळून जाण्यात काही कमीपणा नाही.

तिसरी गोष्ट, दम. लढाईत जीव शिल्लक असतो पण दम संपतो आणि माणूस कोसळतो. दोन लढायांच्या मध्ये विश्रांती घ्या, उघड्यावर न घेता एखाद्या आडोशाला.

अर्निकात पोचलात की चित्र पालटतं. तिथे अँटोनचं लोहारकाम आहे, हेलीचं मद्यगृह आहे, देवळात ब्रॅफिट आहे. लोक बोलतात, कामं देतात. पहिल्या फेरीत जे परवडत नाही ते पुढच्या फेरीत परवडतं, आणि दुकानातला माल अधूनमधून बदलत असतो. पुढे सेट पोर्टल आणि रिटर्न टू पोर्टल हे मंत्र मिळतात. खूण केलेल्या जागी क्षणात परतता येतं, मग तोच रस्ता पुन्हा तुडवावा लागत नाही.

सहाशिवाय आणखी कोणी सोबत घेता येतं का?

हो, वाटेत भेटणाऱ्यांपैकी दोघांना घेता येतं. अर्निकात मायल्स नावाचा चोर भेटतो. सॅव्हंटच्या सैन्यातला, डोकं बिघडलेला आरएफएस-८१ हा यंत्रमानव आहे. सातव्या भागातली व्हाय डोमिनाही येऊ शकते. या लोकांना स्वतःची मतं आहेत, काही ठिकाणी यायला ते चक्क नकार देतात. म्हणून सगळी मदार त्यांच्यावर ठेवू नका, मूळ सहा जण स्वतःच्या पायावर उभे हवेत. पण सोबतीला कोणीतरी ठेवाच. पडक्या रस्त्यावर मायल्सची बडबड ऐकत चालायला बरं वाटतं.

उम्पानी आणि ट्रँग यांच्यापैकी कोणाची बाजू घ्यावी?

उम्पानी हे गेंड्यासारखे दिसणारे, कवायतीचे, शिस्तीचे सैनिक. त्यांचा तळ माउंट गिगासवर आहे. ट्रँग हे कोळ्यासारख्या देहाचे, गुप्तपणे वावरणारे, मार्टेन्स ब्लफमध्ये ठाण मांडून बसलेले. दोघांचंही सॅव्हंटशी वैर आहे, आणि एकमेकांशी त्याहून जुनं वैर आहे.

एकाची बाजू घेतली तर दुसरा शत्रू होतो, असं वरवर दिसतं. पण तिसरी वाट आहे. दोघांचाही विश्वास मिळवून त्यांच्यात समेट घडवता येतो. त्यासाठी एकाने दुसऱ्याविरुद्ध दिलेली घातक कामं पूर्ण करण्याआधी थांबावं लागतं, दोन्हीकडे बोलत राहावं लागतं आणि योग्य वेळी योग्य निरोप पोचवावा लागतो. खेळ ही वाट पाटी लावून दाखवत नाही. माझ्या मते संपूर्ण खेळातलं सगळ्यात समाधान देणारं काम हेच आहे. दोन्ही छावण्यांतली माणसं इतकी जिवंत लिहिली आहेत की एकाला दगा देणं जिवावर येतं.

इंग्रजी कितपत यायला हवं?

बऱ्यापैकी. पात्रं बोलतात आणि खाली लिहूनही येतं. संभाषण मुख्य शब्दांवर चालतं: समोरच्याने एखादं नाव घेतलं की ते निवडून किंवा टाईप करून त्याबद्दल विचारायचं. न सुचवलेला शब्दही टाईप करता येतो आणि कधीकधी त्यातून मोठी गोष्ट कळते. नकाशावर पुढच्या कामाचा बाण दिसत नाही. खेळात वही आहे, तरी शेजारी स्वतःची वही ठेवा. कोण काय म्हणालं, कुठलं दार बंद राहिलं, हे मराठीत टिपून ठेवलं की दोन आठवड्यांच्या खंडानंतरही धागा सापडतो.

आयर्न मॅन पद्धतीने खेळावं का?

या पद्धतीत मधूनच सेव्ह करता येत नाही, खेळातून बाहेर पडतानाच सेव्ह होतं. खेळ दोनदा पार केलेल्यांनी जरूर करून पाहावं. जिथे वीज केव्हाही जाते तिथे मात्र लॅपटॉपची बॅटरी धडधाकट असल्याशिवाय नको.

लढाया फार संथ वाटतात.

हे खरं आहे, आणि या खेळातला तो सगळ्यात मोठा दोष आहे. दहा-बारा शत्रू असले की प्रत्येकाचं चालणं आणि वार करणं बघत बसावं लागतं. चाहत्यांनी बनवलेलं विझ८फास्ट नावाचं छोटं साधन हालचालींचा वेग वाढवतं. ते वापरायला अजिबात संकोच करू नका, खेळाच्या नियमांत त्याने काही बदल होत नाही.

आजच्या कॉम्प्युटरवर चालतो का?

चालतो. स्टीम आणि जीओजी या दोन्ही ठिकाणी मिळतो. स्टीमवर रुपयांत पैसे भरता येतात आणि सवलतीच्या काळात किंमत बरीच उतरते. साध्या, जुन्या लॅपटॉपलाही तो झेपतो, वेगळं ग्राफिक्स कार्ड लागत नाही. चित्र फाटत असेल किंवा रंग विचित्र दिसत असतील तर डीजीव्हूडू हे जुन्या ग्राफिक्सला आजच्या विंडोजशी जुळवून देणारं मोफत साधन वापरा.

चाहत्यांनी कॉस्मिक फोर्ज याच नावाचं संपादन-साधनही बनवलं आहे. त्यातून नव्या वस्तू आणि बदललेले शत्रू असलेले मॉड तयार झाले. पहिल्या खेपेला मूळ खेळच खेळा.

जुन्या विझर्ड्रीची काही खूण यात आहे का?

आहे, आणि ती मुद्दाम लपवलेली आहे. काही ठिकाणी रेट्रो डंजन दडवलेली आहेत. आत शिरलात की त्रिमिती जग नाहीसं होतं आणि चौकोनाचौकोनाने सरकणारं जुन्या पद्धतीचं भुयार सुरू होतं, दिशा चुकवणाऱ्या जागांसकट. ती कुठे आहेत ते सांगत नाही. शोधून सापडली तर त्याची मजा वेगळी.

पूर्ण व्हायला किती वेळ लागतो?

सत्तर-ऐंशी तास सहज. सगळे कोपरे धुंडाळले तर शंभराच्या वर. नोकरी सांभाळून रोज तासभर खेळणाऱ्याला अडीच-तीन महिने पुरतो.

शेवट समाधानकारक आहे का?

शेवट तीन आहेत, आणि कोणता पाहायचा हे अखेरच्या क्षणी तुमच्या हातात असतं. तपशील सांगत नाही. एवढंच सांगतो की सहाव्या भागातली ती लेखणी पुन्हा समोर येते, डार्क सॅव्हंट कोण आहे याचा उलगडा होतो, आणि सहाव्या भागापासून ओळखीचा असलेला बेला त्या जागी हजर असतो.

अखेरच्या टप्प्यातल्या काही लढाया लांबलेल्या आहेत, रापाक्स या लढाऊ वंशाच्या प्रदेशात तर एकामागून एक. तिथे खेळ थोडा आखडता असता तर बरं झालं असतं. पण शिखरावरचा तो निर्णय मला पटतो. अनेक खेळांत शेवटी एक राक्षस मारला की नावं सरकायला लागतात. इथे आधी विचारलं जातं: एवढी शक्ती हातात आली, तिचं काय कराल? पहिल्या दिवशी मठाच्या तळाशी एका खेकड्यासमोर जीव मुठीत धरून उभ्या असलेल्या सहा जणांना हा प्रश्न विचारला जातो, आणि तोपर्यंत त्यांच्यातल्या प्रत्येकाचं उत्तर काय असेल हे तुम्हाला ठाऊक झालेलं असतं. बनवणाऱ्यांना पुढचा भाग निघेल याची खात्री नव्हती, तरी त्यांनी कथेचं एकही मोठं दार पुढच्या विक्रीसाठी उघडं ठेवलं नाही. त्यासाठी मी या गटाचा ऋणी आहे.

हा संपल्यावर मालिकेतलं काय खेळावं?

पहिला भाग. डिजिटल इक्लिप्स या कंपनीने त्याची नवी आवृत्ती मे २०२४ मध्ये पूर्ण स्वरूपात आणली. ॲपल टूचा मूळ कोड आत तसाच चालतो, वर नवी चित्रं चढवली आहेत आणि जुना पडदा कोपऱ्यात दिसत राहतो. विनिफ्रेड फिलिप्स यांनी तिला दिलेल्या संगीताला २०२५ मध्ये ग्रॅमी मिळालं. अँड्र्यू ग्रीनबर्ग ऑगस्ट २०२४ मध्ये गेले, त्याआधी ही आवृत्ती पूर्ण झाली होती.

त्यानंतर जुन्या पडद्याची सवय झाली असेल तर सहावा, मग सातवा. सातव्याची शेवटची सेव्ह फाइल जपून ठेवा, आठवा पुन्हा सुरू करताना ती लागेल. चौथा भाग सगळ्यात शेवटी ठेवा. त्यात पहिल्या भागातला दुष्ट मांत्रिक वेर्डना तुम्ही स्वतः असता, भुयाराच्या तळातून वर चढत यायचं असतं, आणि त्याच्याइतका अवघड खेळ या मालिकेत दुसरा नाही.